पहिलं मेंडोलिन घेताना

मेंडोलिनला तारा आठ असतात, पण मोकळे सूर चारच. दोन-दोन तारांच्या चार जोड्या आणि प्रत्येक जोडीतल्या दोन्ही तारा एकाच सुरात. वाद्याचा सगळा गोडवा याच रचनेत आहे आणि नवशिक्याची बहुतेक डोकेदुखीही.

आखूड पोलादी तार छेडली की आवाज लखकन उमटतो आणि तितक्याच लवकर विझतो. तार जोडीने लावली की आवाज भरतो. पिक वर-खाली झरझर फिरवून ‘ट्रेमोलो’ काढला की तुटक थेंबांची धार होते आणि सूर लांबवता येतो. पण त्यासाठी बोटाच्या एकाच पेराखाली दोन ताणलेल्या तारा दाबाव्या लागतात. आठही तारांचा मिळून ताण सत्तर-ऐंशी किलोच्या घरात जातो, आणि तो पेलायचा असतो हातभर लांबीच्या एका हलक्या लाकडी पेटीने. तार पडद्यापासून अर्धा मिलिमीटर जास्त उंच असली तरी गिटारवर ती एक वेळ चालून जाते, मेंडोलिनवर तीच कसर बोट सोलून काढते. वर सूरही बिघडतो, कारण उंच तार खाली दाबताना ती ओढली जाते आणि स्वर चढा लागतो.

यात नुकसान होतं ते शिकणाऱ्याचं. आपली बोटं दुखतात आणि सूर बेसूर लागतो, तेव्हा ‘आपल्याला जमत नाही’ असं तो धरून चालतो. वाद्य कपाटावर जातं. म्हणून पहिलं मेंडोलिन निवडताना लाकूड कुठलं, रंग कसा, नाव कुणाचं या गोष्टी मागे ठेवायच्या. कच्च्या बोटाने दाबलं तरी सूर खरा लागतो का, हे आधी पाहायचं.

जोड्या चार, पंचम तीन

मेंडोलिनच्या जोड्या खर्जाकडून जी, डी, ए आणि ई अशा लावतात. हार्मोनियमवर हे चार स्वर वाजवून पाहिले की रचना लगेच ध्यानात येते. प्रत्येक जोडी तिच्या आधीच्या जोडीचा पंचम आहे. जी हा षड्ज धरला तर डी त्याचा पंचम, डीला षड्ज केलं तर ए त्याचा पंचम, आणि पुढे तसंच. व्हायोलिनही पाश्चात्त्य पद्धतीत नेमकं याच चार सुरांत लावतात.

या षड्ज-पंचम भावाचा फायदा पहिल्याच दिवशी कळतो. खर्जाची जोडी मोकळी छेडा, हा सा. दुसऱ्या पडद्यावर तर्जनी ठेवली की रे, चौथ्यावर मधलं बोट ठेवलं की ग, पाचव्यावर अनामिका ठेवली की म. आता शेजारची जोडी मोकळी छेडली की प. तिच्यावर तीच बोटं त्याच पडद्यांवर ठेवत गेलं की ध, नी आणि वरचा सा. दोन जोड्या, एकच बोटांचा साचा आणि बिलावलचं पूर्ण सप्तक. हार्मोनियमवर सरगम घटवलेल्या माणसाला हे वाद्य लवकर आपलंसं वाटतं ते यामुळे.

गिटारवाल्याला मात्र एक सवय मोडावी लागते. तिथे एका पडद्याला एक बोट असा हिशोब असतो. मेंडोलिनची तार, तिला टेकू देणाऱ्या घोडीपासून मानेच्या टोकापर्यंत, साधारण ३५ सेंटिमीटर, म्हणजे व्हायोलिनच्या तारेपेक्षा किंचितच लांब. त्यामुळे एक बोट दोन-दोन पडदे सांभाळतं. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले लक्ष्मीकांत कुडाळकर मेंडोलिन वाजवायचे आणि प्यारेलाल व्हायोलिन. दोघांची वाद्यं एकाच बोटांच्या व्याकरणाची होती. घरात व्हायोलिन शिकणारं कुणी असेल तर त्या व्यक्तीच्या डाव्या हाताची निम्मी तयारी आधीच झालेली असते.

नेपल्सचं पोट, कॅलमझूची पाठ

दुकानात किंवा चित्रात मेंडोलिन पाहिलं तर ती सगळी एकसारखी दिसत नाहीत. त्यांच्या घडणीत तीन मुख्य तऱ्हा आहेत आणि प्रत्येकीमागे एक गाव आहे.

पहिली तऱ्हा इटलीतल्या नेपल्सची. अठराव्या शतकात तिथल्या विनाच्चा घराण्यासारख्या कारागिरांनी लाकडाच्या पातळ पट्ट्या जोडून अर्ध्या भोपळ्यासारखी गोल पाठ घडवली. मोझार्टच्या १७८७ मधल्या ‘डॉन जोव्हानी’ या ऑपेरात नायक खिडकीखाली गातो तेव्हा साथीला मेंडोलिन आहे. बेथोव्हेननेही या वाद्यासाठी छोट्या रचना केल्या. पुढच्या शतकात पोलादी तारा आल्या आणि आवाज खणखणीत झाला. ही गोल पाठीची मेंडोलिनं दिसायला मोहक असतात, पण मांडीवर सरकतात. जुनी असतील तर आजच्या जाड तारांचा ताण त्यांना सोसत नाही, तबली म्हणजे वरची फळी आत दबते. माळ्यावर सापडलेलं किंवा जुन्या बाजारात हाती लागलेलं असं वाद्य घरात शोभेला ठेवायला हरकत नाही. शिकण्यासाठी मात्र ते जाणकाराला दाखवल्याशिवाय घेऊ नये.

दुसरी तऱ्हा अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातली. कॅलमझू या गावात ऑरव्हिल गिब्सन याने व्हायोलिनप्रमाणे तबली आणि पाठ कोरून मेंडोलिन बनवायला सुरुवात केली आणि १८९८ मध्ये आपल्या रचनेचं पेटंट घेतलं. त्याच्या नावाची कंपनी १९०२ मध्ये उभी राहिली. या घडणीतूनच ‘ए’ आणि ‘एफ’ हे दोन आकार आले. ए म्हणजे साधा थेंबासारखा आकार, आणि एफ म्हणजे खांद्याशी शंखासारखं वळण व खाली टोकदार कोपरे असलेला. याच कंपनीत लॉइड लोअर याच्या देखरेखीखाली १९२२ पासून ‘एफ-५’ हे मॉडेल निघालं. त्यात मधल्या गोल भोकाऐवजी व्हायोलिनसारख्या दोन एफ-आकाराच्या खाचा होत्या. १९२३ सालचं असं एक वाद्य पुढे अमेरिकी वादक बिल मन्रो यांच्या हाती आलं आणि त्यावर ब्लूग्रास या अमेरिकी संगीतप्रकाराचा ठसठशीत ठेका घडला. तेव्हापासून एफ आकार म्हणजे ‘खरं’ मेंडोलिन अशी समजूत रूढ झाली.

नवशिक्याने या समजुतीपासून सावध राहावं. शंखाचं वळण कोरायला कारागिराला वेळ लागतो, त्याची किंमत मोजावी लागते, पण त्यातून आवाजात म्हणावं असं काही वाढत नाही. आवाज ठरतो तो तबलीच्या लाकडावर, तिच्या जाडीवर आणि भोकाच्या आकारावर. गोल किंवा लंबगोल भोकाचा आवाज मऊ आणि लांबणारा, तर एफ-खाचांचा आवाज नेमका आणि कापणारा असतो. त्यामुळे एकाच किमतीत साधं ए आणि नक्षीदार एफ समोर आलं तर ए उचलावं. तेवढ्याच पैशांत नक्षीही द्यायची म्हटल्यावर कारखान्याने लाकडात किंवा जुळणीत हात आखडता घेतलेला असणार.

तिसरी तऱ्हा आपल्याकडची, आणि तिचा उगम आंध्रातल्या पालकोल्लू या गावात जन्मलेल्या यू. श्रीनिवास यांच्यापाशी आहे. जोडीच्या तारा ओढून गमक काढणं जवळपास अशक्य, कारण दोन्ही तारा सारख्याच ओढल्या गेल्या तरच सूर टिकतो. श्रीनिवास यांनी इलेक्ट्रिक मेंडोलिन घेतलं, जोड्या काढून एकेकच तार ठेवली, पाचवी तार जोडली आणि कर्नाटक संगीतातल्या गमका त्यावर उतरवल्या. २०१४ मध्ये वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी ते गेले, पण एकेरी तारांचं इलेक्ट्रिक मेंडोलिन त्यांच्यामुळे आपल्या देशात शास्त्रीय वाद्य म्हणून स्थिरावलं.

आपल्या कानातलं मेंडोलिन

मराठी घरात मेंडोलिनचा आवाज पोचला तो मुख्यतः रेडिओवरून, हिंदी चित्रपटगीतांतून. मुंबईच्या ध्वनिमुद्रण स्टुडिओंत मेंडोलिन हे रोजचं वाद्य होतं. तिथल्या वादकांत गोव्याच्या लोकांचा मोठा भरणा होता. पॅरिश शाळांतून स्वरलिपी वाचायला शिकलेली ही मंडळी समोर कागद ठेवला की वाजवायला तयार. किशोर देसाई यांच्यासारखे वादक मेंडोलिन आणि सरोद दोन्ही हाताळत. सज्जाद हुसेन तर संगीतकार म्हणूनही मोठे, ‘संगदिल’ (१९५२) आणि ‘रुस्तम सोहराब’ (१९६३) त्यांचेच. जोडतारांच्या मेंडोलिनवर त्यांनी राग वाजवून दाखवले, ते आजही वादकांना कोड्यात टाकतं. पुढे १९९५ मध्ये ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’त मोहरीच्या शेतात शाहरुख खान हातात मेंडोलिन घेऊन उभा राहिला आणि एका नव्या पिढीने ते वाद्य पाहिलं. त्याला गिटार समजणारेही पुष्कळ होते.

हे सगळं इथे सांगायचं कारण असं की कोणतं मेंडोलिन घ्यायचं हे आपल्याला काय वाजवायचं आहे त्यावर ठरतं. जुनी चित्रपटगीतं, भावगीतं, कोकणी मांडो वाजवायचे असतील तर आठ तारांचं, लंबगोल भोकाचं साधं अकुस्टिक वाद्य पुरे. ट्रेमोलोचा तो ओळखीचा झुळझुळ आवाज त्याच्यातच आहे. पाश्चात्त्य लोकसंगीत किंवा ब्लूग्रासचा नाद असेल तर एफ-खाचांचं ए घ्यावं. आणि मन रागसंगीतात असेल, मींड आणि गमक हवी असेल, तर एकेरी तारांचं इलेक्ट्रिक मेंडोलिन. पण ते घेण्याआधी गुरू ठरवावा, कारण तारा किती आणि कोणत्या सुरांत लावायच्या हे गुरूच्या पद्धतीप्रमाणे बदलतं.

दुकानात शिरल्यावर

मुंबईत धोबीतलावला वाद्यांची जुनी दुकानं आहेत, पुण्या-नागपुरातही आहेत. बहुतेक ठिकाणी गिटारींची रांग लागलेली असते आणि मेंडोलिनं कोपऱ्यात दोन-तीन. त्यातली स्वस्त वाद्यं देशी बनावटीची, प्लायवुडची, सपाट पाठीची. त्याहून वरची आयात केलेली, स्प्रूसची भरीव तबली आणि मेपलची पाठ असलेली. वाजवता येत नसलं तरी पुढच्या चाचण्या कुणालाही करता येतात.

आधी वाद्य डोळ्यासमोर बंदुकीसारखं धरून मानेवरून नजर टाका. मान सरळ हवी, फार तर किंचित आत झुकलेली. ती पिळलेली दिसली तर वाद्य परत ठेवा, बाकी काही पाहू नका.

मग बाराव्या पडद्यापाशी तार किती उंच आहे ते पाहा. दुकानात या उंचीला ‘ॲक्शन’ म्हणतात. दीड ते दोन मिलिमीटर फट चांगली. खिशात एक रुपयाचं नाणं असेल तर ते उभ्या कडेने नाही, आडवं सरकवून पाहा. नाणं जेमतेम मावून वर केसभर जागा उरली तर उत्तम. एकावर एक दोन नाणी सहज जात असतील तर ॲक्शन उतरवायला हवी.

मानेच्या टोकाशी जिथे तारा खाचांतून खुंट्यांकडे जातात, तिथली उंची अनेक जण तपासतच नाहीत. दुसऱ्या आणि तिसऱ्या पडद्याच्या मध्ये तार दाबून धरा आणि पहिल्या पडद्यावर तिची फट पाहा. ती कागदाइतकी हवी. मोठी असेल तर खाचा उथळ आहेत. अशा वाद्यावर पहिल्या दोन पडद्यांवरचे स्वर दाबायला जड जातात, आणि नवशिक्याचा सगळा सराव नेमका तिथेच चालतो.

आता एकेका जोडीवर पहिल्या पडद्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक पडदा सावकाश वाजवा. कुठे खरखर येते का ऐका. एखाद्याच पडद्यावर खरखर असेल तर तो पडदा दबलाय किंवा त्याच्या पुढचा वर आलाय.

शेवटी खुंट्या. एक खुंटी अगदी थोडी फिरवा. सूर हळूहळू सरकायला हवा. ‘टक्’ आवाज करून उडी मारत असेल तर तार खाचेत अडकते आहे. खाचेत शिसपेन्सिलीचं टोक घासलं की पुष्कळदा हे थांबतं. पण खुंटी स्वतःच ढिली असेल, सोडल्यावर मागे फिरत असेल, तर मात्र ते वाद्य सुरात राहणार नाही.

सरकती घोडी

मेंडोलिनची घोडी तबलीला चिकटवलेली नसते. तारांचा दाब तिला जागेवर धरून ठेवतो. त्यामुळे वाहतुकीत ती सरकते, आणि दुकानातलं चांगलं वाद्यही कधीकधी बेसूर वाटतं. तपासायची पद्धत सोपी आहे. बाराव्या पडद्याच्या बरोबर वर तारेला बोटाचा नुसता स्पर्श करून छेडा, घंटीसारखा सूर येईल. मग त्याच पडद्यावर तार दाबून छेडा. दोन्ही सूर एकच हवेत, कारण बारावा पडदा तारेच्या नेमक्या मध्यावर असतो आणि तिथे वरचा षड्ज मिळतो. दाबलेला सूर चढा असेल तर घोडी मानेपासून थोडी दूर सरकवायची, उतरता असेल तर जवळ आणायची.

याच कारणाने तारा बदलताना आठही तारा एकदम काढायच्या नाहीत. एकेक काढून नवी चढवावी, नाहीतर घोडी निसटते आणि तिची जागा पुन्हा शोधत बसावं लागतं. घोडीचा पाया तबलीच्या वळणाला सर्वत्र चिकटलेला आहे ना, हेही पाहावं. खालून उजेड दिसत असेल तर आवाज तबलीत नीट उतरत नाही.

सुरात लावणं हाही सरावच

आठ तारा सुरात लावणं सहा तारांपेक्षा जास्त वेळखाऊ. जोडीतली एक तार सेकंदाला ४४० वेळा आणि दुसरी ४४२ वेळा कंप पावत असेल तर आवाजात सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात. तंबोरा लावताना कान देतो तसाच इथेही द्यायचा. क्लिपचा ट्यूनर वाद्याच्या खुंट्यांजवळ लावून जोडीतली एक तार आधी लावावी, दुसरी बोटाने दाबून गप्प ठेवावी. मग दुसरी ट्यूनर न पाहता, हेलकावे थांबेपर्यंत कानाने मिळवावी. सूर नेहमी खालून वर चढवत आणावा. वरून खाली उतरवलेली तार थोड्या वेळाने आणखी उतरते.

नव्या तारा पहिले काही दिवस सैलावत राहतात, त्याचा दोष वाद्याला देऊ नये. तारा घेताना मेंडोलिनच्याच घ्याव्यात, त्यांच्या टोकाला फास असतो. सर्वांत पातळ तार दहा थाऊ, म्हणजे इंचाचा शंभरावा भाग, जाडीची असलेला हलका संच नवशिक्याच्या बोटांना आणि स्वस्त वाद्याच्या तबलीला दोन्हींना मानवतो. पिक मात्र पातळ घेऊ नये. लवचीक पिकने जोडतारांवर ट्रेमोलो करताना ते मागे पडतं, एक मिलिमीटरच्या आसपास जाडीचं हाताला जास्त साथ देतं.

कोकणचा पाऊस, विदर्भाचा मे

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. रत्नागिरीत किंवा पणजीत जुलैमध्ये तबली फुगते, घोडी वर उचलली जाते आणि मे महिन्यात मऊ वाटलेली ॲक्शन अचानक टणक होते. तारांवर गंज धरतो तो वेगळाच. उलट नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं आणि पडद्यांची धातूची टोकं मानेच्या कडेला बोचू लागतात. भरीव लाकडाच्या वाद्याला हे चढउतार जास्त जाणवतात, प्लायवुडच्या वाद्याला कमी. म्हणून किनाऱ्याला राहणाऱ्या नवशिक्याने प्लायवुडला नाक मुरडू नये. आवाज थोडा बंद असेल, पण वाद्य टिकतं. भरीव लाकडाचं घेतलंच तर ते भिंतीवर न टांगता पेटीत ठेवावं, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात.

पैसे कुठे घालायचे

देशी साधं मेंडोलिन काही हजारांत मिळतं. कोरीव भरीव तबलीच्या आयात वाद्याची किंमत पाच आकड्यांत जाते. या दोन टोकांमध्ये निवड करताना एक पोटहिशोब मांडावा. ठरवलेल्या रकमेतला काही भाग वाद्याऐवजी कारागिरासाठी बाजूला काढावा. गिटार किंवा व्हायोलिन दुरुस्त करणारा अनुभवी माणूस खाचा खोल करतो, घोडी तबलीला बसवतो, उंच आलेले पडदे घासून सारखे करतो आणि मानेत ट्रस रॉड ही धातूची सळी असेल तर ती कसून मान सरळ करतो. असं हाताखालून गेलेलं साधं वाद्य, कारखान्यातून तसंच आलेल्या महागड्या वाद्याला वाजवण्यात मागे टाकतं. ऑनलाइन मागवलेल्या वाद्याला तर हा खर्च धरूनच किंमत मोजावी, कारण ते घोडी हललेल्या अवस्थेतच दारात येण्याची शक्यता जास्त.

जुनं वाद्य घ्यायचं असेल तर घोडीखालची तबली दबलेली नाही ना आणि मान जिथे पेटीला जोडलेली असते तिथे चीर नाही ना, एवढं पाहावं. तारांखालचे पडदे झिजले असतील तर त्यांना घाबरू नये. ते बदलता येतात, आणि झिजले म्हणजे कुणीतरी ते वाद्य मनापासून वाजवलं आहे.

शिकणारं मूल असो वा निवृत्तीनंतर हात घालणारे आजोबा, निवडीचा निकष तोच. आवाजाची आवड वाजवता वाजवता घडते आणि दुसरं मेंडोलिन माणूस त्या आवडीने घेतो. तेव्हा शंखाचं वळण, स्प्रूसची नस, नावाजलेलं नाव यांना खुशाल भाव द्यावा. पहिल्या वाद्याकडून अपेक्षा एकच ठेवावी. सूर चुकला तर तो बोटाने चुकला की वाद्याने, अशी शंका त्याने मनात येऊ देऊ नये.